ऑस्वाल्डचा नंबर

चंपा राऊळ आणि व्हायोलेट बाप्टिस्टा या दोघींनी एकतीस वर्षं लंडनशी बोलण्यात घालवली, पण लंडन काही पाहिलं नव्हतं.

फोर्टातल्या परदेशी ट्रंक कॉलच्या एक्स्चेंजमध्ये बाहत्तर साली दोघी एकाच दिवशी नोकरीला लागल्या. चंपा फणसवाडीतली, व्हायोलेट खोताच्या वाडीतली. दोन्ही घरांत चालत सात मिनिटांचं अंतर, तरी ओळख झाली ती ऑफिसात. बोर्डासमोर खुर्च्या शेजारीशेजारी. कानाला हेडसेट, हातात कॉर्ड, पुढ्यात बुकिंगच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा. कुणाचा मुलगा तिकडं शिकायला गेलेला, कुणाची बहीण बाळंत झालेली, कुणाचे वडील इकडं अत्यवस्थ. इकडून "हॅलो लंडन" म्हटलं की पलीकडून एखादी डॉरीन नाहीतर पॅट्रिशिया बोलायची. लाइन लागेपर्यंत घटकाभर गप्पा व्हायच्या. तिकडं कायम पाऊस असायचा. एकदा मे महिन्यात डॉरीननं विचारलं, आंबा नेमका लागतो तरी कसा? व्हायोलेटनं सांगायचा पुष्कळ प्रयत्न केला. शेवटी म्हणाली, "तू इकडं ये आणि खा." डॉरीन म्हणाली, "आधी तू इकडं ये." त्या दिवशी डबा खाताना दोघींनी ठरवून टाकलं की एखादा मे महिना लंडनला काढायचा.

पण दोघींना मे महिन्यात एकदम रजा मिळायचीच नाही. एकाच बोर्डावरच्या दोघी एकाच वेळी सुट्टीवर गेलेल्या सुपरवायझरला चालत नसत. चंपा कुडाळला गेली की व्हायोलेट खुर्चीवर, व्हायोलेट वसईला बहिणीकडं गेली की चंपा खुर्चीवर. मग लोक घरबसल्या थेट फोन लावायला लागले, बोर्ड गेले, आणि दोघी स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी बसल्या. तोवर चंपाची आई अंथरुणाला खिळली होती. चंपानं लग्न केलं नव्हतं. तीन भावंडांची शिक्षणं तिनंच केली होती आणि आईचंही तिनंच केलं. आई गेली तेव्हा व्हायोलेटचा नवरा ऑस्वाल्ड, म्हणजे सगळ्यांचा ऑसी, बायपासला गेला. असं करता करता एकोणीस साल उजाडलं आणि अडुसष्टाव्या वर्षी चंपानं पासपोर्ट काढला.

त्या पासपोर्टाचं सगळ्यात जास्त कौतुक ऑसीला होतं. तो गोदीत टॅली क्लार्क होता, बोटींवर चढणारा-उतरणारा माल मोजून लिहायचा. जन्मभर बोटी पाहिल्या, पण स्वतः कधी चढला नाही. "तुम्ही दोघी जा, मी घर सांभाळतो," म्हणायचा. व्हायोलेटचा भाचा आल्विन लंडनच्या टोकाला राहत होता, त्याच्याकडं उतरायचं ठरलं. तिकिटं निघाली दोन हजार वीसच्या बारा मेची.

पुढचं सांगायला नको. त्या मे महिन्यात फणसवाडीतून बाहेर पडायलाही पोलिसांना कारण सांगावं लागत होतं.

एकवीसच्या मार्चमध्ये साठीपुढच्यांना लस सुरू झाली तेव्हा ऑसीनं आपल्या मोबाइलवरून स्वतःचं आणि व्हायोलेटचं नाव घातलं. चंपाला फोन करून म्हणाला, "एका नंबरवर चार नावं बसतात. तुझं टाकू?"

"माझं मी टाकीन," चंपा म्हणाली. जन्म फोनवर गेलेल्या बाईला हे येत नाही, असं तिला कुणाला वाटू द्यायचं नव्हतं.

तिच्या जवळच्या केंद्रावर कोव्हॅक्सिन होती, ती तिनं घेतली. त्या दोघांनी कोव्हिशील्ड घेतली. पंधरा दिवसांनी ऑसीला ताप आला. बारा दिवस तो हॉस्पिटलात होता आणि तेराव्या दिवशी गेला. शिवडीच्या कबरस्तानात मोजक्याच माणसांना आत सोडलं. व्हायोलेट आणि तिची मुलगी नेरिसा आत गेल्या. चंपा फाटकाबाहेर दोन तास उभी होती.

त्यानंतर रोज चार वाजता चंपा खोताच्या वाडीत जाऊ लागली. लाकडी व्हरांड्यात दोघी बसायच्या. व्हायोलेट कधी बोलायची, कधी नाही. लंडनचा विषय कुणी काढत नव्हतं. तो काढला नेरिसानं, दसऱ्याच्या सुमारास. नेरिसा दादरला राहायची, एका वकिलाच्या ऑफिसात नोकरी करायची, आणि आईचं हे घरात बसून राहणं तिच्यानं बघवत नव्हतं.

"चंपा आँटी, पुढच्या मेमध्ये जाऊन या दोघी."

"मला कोण घेतंय तिकडं?" चंपा म्हणाली. तिनं पेपरात वाचलं होतं. इंग्लंडला कोव्हिशील्ड चालत होती, कोव्हॅक्सिन चालत नव्हती. आपण घेतलेली लस लसच नाही असं कुणीतरी सात समुद्रांपलीकडून सांगतंय, हे तिला फार लागलं होतं. "व्हायोलेट जाईल. तिची चांगली सायबाची लस आहे."

"मी एकटी तिथं काय करू गो?" व्हायोलेट म्हणाली. "तू नाही तर मी नाही."

नोव्हेंबरात बातमी आली की आता कोव्हॅक्सिनही चालेल. चंपा पेपर हातात घेऊन, चप्पल नीट न घालताच, सात मिनिटांचं अंतर चार मिनिटांत चालून गेली. ऑसी गेल्यापासून व्हायोलेट त्या दिवशी पहिल्यांदा मनापासून हसली.

जानेवारीत दोघी कागद घेऊन दादरला हितेंद्रकडं गेल्या. हितेंद्र चंपाच्या धाकट्या भावाचा दोस्त. पोर्तुगीज चर्चच्या मागच्या गल्लीत त्याचं प्रवासाचं ऑफिस होतं. त्यानं सगळे कागद चष्मा कपाळावर सरकवून एक एक पाहिले.

"चंपाताई, तुमचं फर्स्ट क्लास. पासपोर्टवरचं नाव आणि सर्टिफिकेटवरचं नाव एक, जन्मतारीख पूर्ण, दोन डोस. आँटी, तुमचं मात्र लफडं आहे."

"काय?"

"तुमची दोन सर्टिफिकेटं आहेत आणि दोन्हींवर पहिलाच डोस आहे."

झालं होतं असं. पहिला डोस ऑसीच्या नंबरवर नोंदलेला. दुसरा जुलैमध्ये नेरिसानं तिला नेऊन दिला, तेव्हा केंद्रावर नेरिसाचा नंबर सांगितला. त्या नंबरवर व्हायोलेट बाप्टिस्टा नावाची बाई यंत्राला नवीनच, म्हणून त्यानं हाही पहिलाच धरला. सरकारच्या दप्तरी दोन व्हायोलेट झाल्या आणि दोघीही अर्ध्याच लसवंत.

"अर्ध्या लशीवर तिथं उतरलात तर दहा दिवस घरात कोंडून घ्यायचं," हितेंद्र म्हणाला. "तुमची ट्रिप बारा दिवसांची."

"मग करायचं काय?" चंपानं विचारलं.

"दोन्ही जोडता येतात. जुन्या नंबरवर ओटीपी येईल, तो टाकून आत शिरायचं आणि अर्ज करायचा. अंकलचा मोबाइल आहे ना?"

व्हायोलेट पर्सची चेन उघडझाप करत होती. "तो नंबर बंद झाला," ती म्हणाली. "केव्हाच."

हितेंद्रनं जीभ चावली. मग हेल्पलाइन सुरू झाली. चंपा रोज सकाळी दहाला फोन लावायची. एक दाबा, तीन दाबा, संगीत ऐका. पलीकडं कुणी बोललं की आधी त्याचं नाव विचारून कागदावर लिहायची, जुनी सवय. प्रत्येक जण शेवटी तेच सांगायचा: मॅडम, रजिस्टर्ड नंबरवर ओटीपी येईल. रजिस्टर्ड नंबरचा धनी शिवडीला आहे, हे सांगितलं की पलीकडचं माणूस बिचारं सॉरी म्हणायचं आणि नवा तक्रार क्रमांक द्यायचं. असे नऊ क्रमांक जमले. नेरिसानं ईमेल पाठवले. हितेंद्र म्हणाला, व्हिसाचे कागद फेब्रुवारीअखेर तरी द्यायला हवेत. व्हायोलेट या सगळ्यात नुसती ऐकत बसायची. एकदा म्हणाली, "जाऊ दे गो. नशिबात नाही." चंपाला राग आला, पण ती गिळून बसली.

फेब्रुवारीच्या एका शनिवारी चंपा आपला मोबाइल रिचार्ज करायला रामजीच्या दुकानात गेली. वह्या, पेन्सिली, रिचार्ज, झेरॉक्स, सगळं त्या चिंचोळ्या दुकानात मिळायचं. पैसे घेता घेता रामजी म्हणाला, "व्हायोलेट मॅडमला जरा निरोप द्या ना. अंकलच्या नंबरची मुदत सोमवारी संपते. दर वेळी त्या चार दिवस आधीच येऊन जातात, ह्या खेपेला आल्या नाहीत. बरं आहे ना त्यांना?"

चंपाला आधी नीट कळलंच नाही. "कुठल्या अंकलचा?"

"आपले बाप्टिस्टा अंकल. दहा महिने झाले, एकदाही चुकल्या नाहीत."

नंबर चालू होता. चालू नंबर बंद म्हणून व्हायोलेटनं हितेंद्रला सांगितलं, नेरिसाला सांगितलं, आणि पन्नास वर्षांच्या मैत्रिणीला नऊ तक्रार क्रमांक गोळा करू दिले. तिला यायचंच नाहीये, चंपाच्या मनात आलं. माझ्याबरोबर यायचं नाहीये आणि तोंडावर सांगवत नाहीये. तिथून तशीच घरी निघून जावं असं तिला वाटलं. पण ती रामजीला म्हणाली, "कर त्यांचा रिचार्ज. मी देते."

दुसऱ्या दिवशी रविवारी जेवणं झाल्यावर ती खोताच्या वाडीत गेली. व्हायोलेट व्हरांड्यात वाटाणे सोलत होती. चंपा समोरच्या खुर्चीत बसली आणि परातीतले वाटाणे सोलू लागली.

"रामजी विचारत होता तुझी तब्येत."

व्हायोलेटचे हात थांबले.

"सोमवारी मुदत संपत होती. मी भरले पैसे."

व्हायोलेटनं हातातली शेंग परातीत टाकली. मग हळू आवाजात म्हणाली, "थँक्यू. मला गुडघ्यानं उतरता येत नव्हतं चार दिवस. कुणाला सांगणार?"

"मला सांगायचंस!" चंपाचा आवाज चढला. "यायचं नव्हतं तर तसं म्हणायचंस, व्हायोलेट. मी काय ओढून नेणार होते तुला? रोज सकाळी तासभर ते संगीत ऐकत बसते मी, वेड्यासारखी!"

"यायचंय गो मला."

"मग?"

व्हायोलेटनं पदर नसलेल्या आपल्या फ्रॉकला हात पुसले. "तूच सांग, नंबर सोडला की काय होतं? नव्वद दिवसांनी दुसऱ्याला देतात. कुणी अनोळखी माणूस त्या नंबरावर हॅलो म्हणेल. मला नाही चालायचं ते." ती थांबली. "मी रोज लावते एकदा. सकाळी चहा झाला की."

"कुणाला?"

"ऑसीला. फोन कपाटात आहे, बंद. ती रेकॉर्डची बाई बोलते, आपण लावलेला नंबर सध्या बंद आहे, थोड्या वेळानं प्रयत्न करा. बंद आहे म्हणते. अस्तित्वात नाही असं नाही म्हणत. आपण दोघींनी जन्मभर लोकांना सांगितलंय हे. दोन्हींत फरक आहे की नाही?"

फरक होता. तो चंपाइतका कुणाला ठाऊक असणार? पहिलं ऐकून माणसं म्हणायची, बरं, मग पुन्हा लावून बघा. दुसरं ऐकून पलीकडं नुसता श्वास ऐकू यायचा.

"नेरिसानं गेल्या मेमध्येच सांगितलं होतं बंद करून टाक म्हणून," व्हायोलेट म्हणाली. "मी हो म्हटलं. मग तुमच्यासमोर खोटी कशी पडू? आणि ओटीपीसाठी फोन चालू करायला पाहिजे. तो चालू झाला आणि वाजला तर... हॉस्पिटलमधून आल्यापासून मी त्याला हात नाही लावला. एका पिशवीत घालून दिला होता त्यांनी, त्याचं घड्याळ आणि चष्म्याबरोबर."

चंपानं परात खाली ठेवली आणि खुर्ची ओढून शेजारी नेली, पूर्वी बोर्डासमोर असायची तशी. गल्लीतून कुणीतरी स्कूटर ढकलत नेली. वाटाण्यांची सालं वाऱ्यानं व्हरांडाभर झाली.

चार वाजता नेरिसा आली तेव्हा चंपानंच तिला सगळं सांगितलं. नेरिसा आईवर चिडेल असं दोघींना वाटलं होतं. ती आईच्या पायाशी बसली आणि गुडघ्यावर डोकं ठेवून म्हणाली, "मम्मी, मलाही सांगायचं ना. मीपण लावला असता."

मग व्हायोलेट स्वतः उठली. कपाटातून पिशवी काढून आणली. फोन चार्जिंगला लावला आणि तिघी टेबलाभोवती बसून त्याच्याकडं बघत राहिल्या. स्क्रीन उजळली. पाठोपाठ एकामागून एक मेसेज पडू लागले, बँकेचे, औषधाच्या दुकानाचे, वाढदिवसाच्या शुभेच्छांचे. सगळ्यात वर गेल्या काही दिवसांतले मिस्ड कॉल कळवणारे मेसेज होते आणि सगळे एकाच नावाचे: व्हायो. प्रत्येक सकाळी सव्वासातच्या आसपास. व्हायोलेटनं ते वाचले आणि लाजल्यासारखी दुसरीकडं बघू लागली.

नेरिसानं लॅपटॉपवर ऑसीचा नंबर घातला. क्षणभर काहीच झालं नाही. मग टेबलावरचा फोन टिंग करून वाजला. तेवढाच आवाज, पण तिघी दचकल्या. "वाच," नेरिसा म्हणाली. व्हायोलेटनं फोन हातात घेतला आणि सहा आकडे वाचून दाखवले. एकेक आकडा सुटा, स्वच्छ, मध्ये अर्ध्या सेकंदाची जागा सोडून. चंपाला तो आवाज ओळखीचा वाटला. चाळीस वर्षांपूर्वी शेजारच्या खुर्चीवरून हा आवाज असाच यायचा.

पान उघडलं. त्यावर दोन नावं होती. वर ऑस्वाल्ड बाप्टिस्टा, खाली व्हायोलेट बाप्टिस्टा. दोघांपुढं लिहिलं होतं, एक डोस झाला. ऑसीच्या नावाखाली लाल अक्षरांत सूचना होती की दुसऱ्या डोसची तारीख उलटून गेली आहे, कृपया लवकर वेळ घ्या.

नेरिसा पटकन खालच्या नावाकडं जाऊ लागली. "थांब," व्हायोलेट म्हणाली. तिनं चष्मा पुसला, वाकून ती लाल ओळ पुन्हा वाचली. "बघ, अजून बोलावतायत त्याला," ती म्हणाली आणि मग रडली. वर्षभर कुणी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. चंपा तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. वाटाण्यांची भाजी त्या दिवशी चंपानं केली, मालवणी मसाला घालून. जरा तिखटच झाली.

आठवड्याभरात दोन व्हायोलेटची एक झाली. हितेंद्रनं सर्टिफिकेटं रंगीत छापून प्लास्टिकमध्ये घालून दिली आणि व्हिसाचे अर्ज गेले. आणि मार्चच्या मध्यावर एका सकाळी त्याचा फोन आला.

"चंपाताई, बसलात का? बसा. इंग्लंडनं सगळे नियम काढले. लस नको, टेस्ट नको, फॉर्म नको. नुसता पासपोर्ट आणि व्हिसा."

"म्हणजे ते सर्टिफिकेट?"

"फ्रेम करून भिंतीला लावा."

चंपानं नऊ तक्रार क्रमांकांचा कागद चुरगळला आणि तरातरा खोताच्या वाडीत गेली. इतके महिने छळलं आणि आता म्हणे काही नको! व्हायोलेटनं ऐकून घेतलं आणि ती हसायलाच लागली. हसता हसता तिला ठसका लागला. "बरंच झालं गो," ती डोळे पुसत म्हणाली. "आधी काढले असते तर तो फोन कपाटातच राहिला असता."

मेच्या अकरा तारखेला दोघी गेल्या. विमानात मास्क लावून बसल्या, एकमेकींच्या सीटचे पट्टे बांधले. लंडनमध्ये राजवाडा पाहिला, नदी पाहिली. पण चंपाला खरी मजा वाटली ती बसमध्ये. मागच्या बाकावर कुणी बाई बोलू लागली की ती व्हायोलेटला कोपरानं ढोसायची, "हा आवाज आपल्या पॅट्रिशियाचा." मग दोघी वळून चेहरा बघायच्या.

सगळ्यात नवल वाटलं ते संध्याकाळचं. लंडनमध्ये आत्ता किती वाजले असतील हे दोघींना झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. पण मे महिन्यात तिथं नऊ वाजेपर्यंत उजेड असतो, हे एकतीस वर्षांत एकाही डॉरीननं सांगितलं नव्हतं. रोज संध्याकाळी दोघी आल्विनच्या मागच्या अंगणातल्या पायरीवर चहा घेऊन बसायच्या आणि अंधार पडायची वाट बघायच्या.

अशाच एका संध्याकाळी व्हायोलेट म्हणाली, "तुला एक सांगायचं राहिलंय. सत्त्याहत्तरमधलं. तू तेव्हा कुडाळला होतीस."

"काय केलंस?"

"मी नाही, ऑसीनं. गोदीतल्या ऑफिसातून त्यानं लंडनचा कॉल बुक केला. ठरावीक माणसालाच बोलवायचं असेल तर नाव द्यावं लागायचं ना? चिठ्ठी माझ्या बोर्डावर आली. बघते तर नाव लिहिलंय, मिस व्हायोलेट रॉड्रिग्ज."

"तुझंच?" चंपानं कप खाली ठेवला.

"माझंच, लग्नाआधीचं! तोवर मी त्याला फक्त चर्चमध्ये पाहिलं होतं. मी फोन लावून सांगितलं, मिस्टर बाप्टिस्टा, या नावाची बाई लंडनला राहत नाही. तर म्हणतो, मग कुठं राहते, तुम्ही चौकशी करून सांगता का?"

"आणि तू पंचेचाळीस वर्षं मला सांगितलं नाहीस?"

"चिठ्ठी फाडली होती मी. नियमाबाहेरचं काम. तू सुपरवायझरला सांगितलं असतंस."

"मी? मी सांगितलं असतं?"

"तू तेव्हा फार कडक होतीस गो."

आतून आल्विननं जेवायला हाक मारली. "आलोच," व्हायोलेट ओरडून म्हणाली, पण उठली नाही. चहाचा शेवटचा घोट घेऊन तिनं पाय पसरले आणि ऑसी दुसऱ्या दिवशी एक्स्चेंजच्या दारात कुठला शर्ट घालून उभा होता ते सांगायला लागली.